पान त्रेचाळीसचे शुद्धिपत्र

जुना, पाठ उसवलेला, भांडणांविषयी सगळे काही जाणणारा ग्रंथ, अशी माझी ओळख करून दिली जाते. मित्रांनो, त्यातल्या पहिल्या दोन गोष्टीच खऱ्या आहेत.

पुस्तकात चुका राहिल्या की छापखानेवाले एक लहानसा कागद छापून आत चिकटवतात. अमुक पान, अमुक ओळ. छापले आहे असे, वाचावे तसे. त्याला शुद्धिपत्र म्हणतात. मला ते कधी लागले नाही. मुद्रिते तपासणाऱ्या बाईंनी मला पुन्हा पुन्हा वाचले आणि म्हणाल्या, "स्वच्छ आहे. जाऊ द्या." त्यांचे बरोबर होते. माझ्यात अक्षराची एकही चूक नाही. जी चूक आहे ती चष्म्याने दिसणारी नव्हती. म्हणून माझे शुद्धिपत्र आता मलाच सांगावे लागणार आहे. खाली मान घालून सांगतो, कारण पुस्तकाला तोंड लपवायचे म्हटले तरी मिटून घेण्यापलीकडे काही करता येत नाही, आणि मिटलेले पुस्तक उलट अधिकच शहाणे दिसते.

मुखपृष्ठ

छापले आहे: दोन हात, एकमेकांत घट्ट.

याविषयी पुढे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. तूर्त एवढेच, की चित्रकाराने ते हात फार गुळगुळीत काढले.

माझे लेखक कारखान्यांतले तंटे सोडवायचे काम करत. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला कामगार, मध्ये हे आणि पाण्याचा जग. निवृत्त झाल्यावर जे जे शिकले होते ते त्यांनी माझ्यात उतरवले. भला माणूस. थापा मारल्या नाहीत, मोठेपणा मिरवला नाही. मग टाइप जुळले, पाने छापली, दोऱ्याने शिवली, पाठीला सरस लागला, तीन बाजू कापल्या गेल्या आणि मी तयार झालो. दुकानात माझ्या एका बाजूला पाककृतींचे पुस्तक होते आणि दुसऱ्या बाजूला भविष्याचे. मी मनात म्हणालो, हे पोट भरील, ते आशा दाखवील, पण घर मी वाचवीन. नव्या कोऱ्या पुस्तकाला असली मिजास असते. वासासारखीच ती उडायला वेळ लागतो.

पान बावीस, ओळ पाच

छापले आहे: समोरच्याच्या चुका मोजण्याआधी आपल्या पाहाव्यात.

मला प्रथम एका दातांच्या डॉक्टरांनी विकत घेतले. त्यांचे आणि त्यांच्या पत्नीचे पटत नव्हते. डॉक्टर हातात लाल पेन्सिल घेऊन वाचत. मला वाटले, काय अभ्यासू वाचक मिळाला! या पाचव्या ओळीपाशी ते थांबले, तिच्याखाली दोन रेघा ओढल्या आणि समासात लिहिले, "हे तू वाच." मग मला बायकोच्या उशीवर ठेवले.

बाईंनी वाचले. त्यांनी हिरवी पेन्सिल घेतली आणि खाली लिहिले, "आधी तू."

त्या दिवसापासून त्या घरात माणसे बोलेनाशी झाली, पानांचे आकडे बोलू लागले.

"पान बावीस," डॉक्टर चहा घेता घेता म्हणायचे.

"पान तीस. शेवटची ओळ," बाई कपबशी आपटत म्हणायच्या.

मी दोघांच्या मध्ये टेबलावर. दगड मारणाऱ्याला निदान दगड शोधावा तरी लागतो. इथे मी सोयीस्कर क्रमांक घालून ठेवलेला होतो.

एकदा डॉक्टरांनी मला कोटाच्या खिशात कोंबले, कुणा मित्राला दाखवायला. दाखवायचे राहून गेले आणि कोट लाँड्रीत गेला. लाँड्री चालवणाऱ्या दोन भावांची म्हातारी आई प्रत्येक खिसा उलटा करून बघायची. मी सापडल्यावर तिने फोन लावला. पलीकडून डॉक्टर म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडेच. आता इथे त्याचं काम नाही." त्यांच्या मागे त्या घरात कपाचाही आवाज नव्हता.

पान त्रेचाळीस

आता खरे सांगायचे ते.

लाँड्री म्हणजे पुढे एक काउंटर आणि मागे लांबट खोली. छताखाली लोखंडी दांड्या, त्यांवर ओळीने टांगलेले लोकांचे कोट, जणू बिनडोक्याची माणसे आपली पाळी येण्याची वाट बघत आहेत. काउंटरवर आई. वाफेच्या प्रेसवर थोरला मुलगा. त्याची बायको खिडकीशी बसून निघालेली बटणे लावायची, उसवलेले शिवायची. आणि अगदी मागे, बाटल्यांच्या रांगेसमोर, डागांच्या टेबलाशी धाकटा.

त्या धाकट्याच्या बोटांना डोळे होते असे म्हणतात. डागावर अंगठा फिरवून तो सांगायचा, "ही कॉफी. दूध घातलेली." किंवा, "ही शाई नव्हे, केसांचा रंग आहे. साहेबांना सांगू नकोस आई, मला कळलं म्हणून." हातमोजे तो घालत नसे. "मोजे घालून डाग बघायचा म्हणजे डोळे बांधून पेपर वाचायचा," असे त्याचे म्हणणे.

थोरल्याने एका मोठ्या हॉटेलचे काम घेतले. टेबलांवरची कापडे, हात पुसायचे रुमाल. रोज गाठोड्यांचा डोंगर आणि प्रत्येक कापडावर कुणाच्या तरी जेवणाची खूण. धाकटा म्हणाला, नको. का नको ते मात्र त्याला पुरते सांगताच येईना, कारण थोरल्याला दुसऱ्याचे वाक्य अर्ध्यातच झेलायची सवय.

"दादा, माझं असं आहे की..."

"तुझं काय आहे ते मला ठाऊक आहे. अंग चोरायचंय."

"ऐकून तरी घे."

"ऐकतोच आहे. लहानपणापासून ऐकतोय."

काउंटरपाशी उभे असलेले गिऱ्हाईक म्हणाले, "माझी तेवढी पँट द्या, मग सावकाश भांडा."

आईला हे असह्य झाले. गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात ती मला वाचू लागली, ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. मी खरोखर मनापासून वाचला गेलो तो तिच्याकडूनच. एका दुपारी दार लोटून घेऊन तिने दोघांना समोर बसवले आणि पान त्रेचाळीस मोठ्याने वाचले:

"वाद फार पेटल्यास एखादी वस्तू ठरवावी. ज्याच्या हातात वस्तू, त्यानेच बोलावे. इतरांनी मध्ये न बोलता ऐकावे. वस्तू हिसकावून घेऊ नये."

एवढेच. पुढे पान संपते आणि नवे प्रकरण सुरू होते.

"कुठली वस्तू?" थोरल्याने विचारले.

"हे पुस्तकच घ्या. दुसरं काही दिलं तर एकमेकांच्या डोक्यात घालाल."

"हेही घालता येतं की."

"पुठ्ठा पातळ आहे त्याचा. घाल."

सून तोंडाला पदर लावून हसली, आणि आईने मला तसेच उघडे धाकट्याच्या हातात दिले.

मित्रांनो, तेव्हाच मला कळायला हवे होते. नव्हे, कळलेच होते. त्याची बोटे माझ्या पानांवर टेकली आणि पॉलिश पेपर घासावा तसे वाटले. त्वचा जागोजाग तडकली होती. अंगठ्याची भेग उघडी होती. डाग काढायच्या औषधांनी त्याचे हात खाल्ले होते, आणि हॉटेलच्या कामाला तो 'नको' म्हणत होता तो एवढ्यासाठीच. त्याला म्हणायचे होते, काही दिवस मी प्रेसवर उभा राहतो, टेबल तू सांभाळ.

पण बुजरी माणसे मुद्द्यापाशी लांबून येतात. तो आधी खिडकीबद्दल बोलला. मग मागच्या खोलीतल्या बंद पंख्याबद्दल. मग बाटल्यांच्या बुचांबद्दल. थोरला खरेच गप्प बसून ऐकत होता. पाय हलत होता, पण तोंड बंद होते. आईच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. आणखी दोन वाक्यांत धाकटा हातांपाशी पोचला असता.

एवढ्यात कुणीतरी दार ठोठावले. कोट न्यायला आलेले गिऱ्हाईक. सगळे उठले. ते परत बसले तेव्हा थोरला म्हणाला, "आता मी," आणि हात पुढे केला. धाकट्याने मला त्याच्या हातात ठेवले. पुन्हा आपली पाळी येणार, असे त्याला वाटले.

थोरला बोलू लागला. तोही खोटे बोलत नव्हता. आईचे वय होत चालले, जवळपास दुसरी लाँड्री निघाली, एकट्यादुकट्या कोटांवर दुकान किती दिवस चालणार, ही त्याची भीती खरी होती. पण उभ्या जन्मात कुणी मध्ये न तोडता तो पहिल्यांदाच बोलत होता, आणि ती गोडी काही और असते. दुकान उघडायची वेळ झाली. "माझं राहिलंय अजून," असे म्हणून त्याने मला एप्रनच्या पुढच्या खिशात टाकले.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने विचारले, "दादा, पुस्तक देतोस?"

"माझं संपलं की देतो."

त्याच्या पुढच्या दिवशीही तेच.

सुनेला राहवेना. "अहो, द्या की भाऊजींना."

"तू मध्ये बोलू नकोस. पुस्तक माझ्याकडे आहे."

"मी कुठे तुमच्या भांडणात आहे? मी बटणं लावतेय."

"मग बटणं लाव."

धाकट्याने पुन्हा विचारले नाही. तो बोलायचाच थांबला. हॉटेलची गाठोडी येत होती, तो सोडत होता, बाटलीतले औषध बोटावर घेऊन चोळत होता. संध्याकाळी गुपचूप मलम लावत होता. दुकानात शांतता पसरली. आणि त्या शांततेचे श्रेय कुणाला मिळाले? मला.

"एका पुस्तकानं माझं घर सावरलं," आई येईल त्याला सांगायची. "आवाज म्हणून नाही आता." शेजारची फुलवाली मला बघायला आली. "आमच्याकडे द्या ना थोडे दिवस. सासूबाईंच्या हातात देते." थोरल्याने खिशावर थाप मारली. "आमचं झालं की नक्की."

मी इतका वाखाणलो गेलो नव्हतो कधी. एप्रनच्या खिशात, गरम प्रेसच्या उबेत, एका माणसाच्या तोंडावर हात दाबून मी बसलो होतो आणि लोक म्हणत होते, काय गुणी पुस्तक आहे.

तेच पान, शेवटचे वाक्य

छापले आहे: वस्तू हिसकावून घेऊ नये.

एका दुपारी थोरला चादरींच्या ढिगावर डुलकी घेत होता. एप्रन खिळ्याला टांगलेला होता आणि मी खिशात. धाकटा आला. त्याने दोन बोटे माझ्या पाठीवर ठेवली. मला नुसते वर खेचले की झाले असते. मी मनातल्या मनात ओरडत होतो, घे, लेका, घे, खड्ड्यात गेला तो नियम.

पण आईने वाचलेले त्याला तोंडपाठ होते. हिसकावून घेऊ नये. झोपलेल्याच्या खिशातून काढणे म्हणजे दुसरे काय? बोटे क्षणभर तशीच राहिली, मग उचलली गेली. अक्षरशः माझ्या सांगण्याप्रमाणे वागलेला वाचक मला आयुष्यात एकच भेटला. त्याचे हे असे झाले.

काही दिवसांनी सकाळी डागांच्या टेबलापाशी कुणी नव्हते. एप्रन इस्त्री करून घडी घातलेला होता. बाटल्यांची बुचे घट्ट लावलेली होती आणि प्रत्येकीवर, कुठली कशासाठी, ते मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलेले होते, ज्याला हे काम ठाऊक नाही त्याला कळेल अशा बेताने.

"कुठे गेला?" आईने विचारले.

"मला काही बोलला नाही," थोरला म्हणाला.

"कसे बोलणार?" सून खिडकीपासून म्हणाली. सुईत दोरा ओवत होती, मान वर केली नाही.

थोरला चिडला. "नियमानंच तर चाललो होतो. हे बघ, लिहिलंय," म्हणत त्याने मला खिशातून काढले आणि पान त्रेचाळीस उघडले. इतके दिवस मला छातीशी धरून फिरला, पण उघडले ते त्या दिवशी प्रथम.

उघड्या पानांच्या दोन्ही कडांना तपकिरी ठसे होते. दुसऱ्या कुणाला ते चहाचे वाटले असते. पण हा लाँड्रीवाल्याचा मुलगा होता. त्याने नखाने हलकेच खरवडले. कापडाचे टोक गार पाण्यात बुडवून कोपऱ्याला लावले. गरम नव्हे, गारच. त्या डागाला गार पाणीच लागते, हे त्याच्या हाताला त्याच्याआधी कळले होते. कापडावर गुलाबी छटा उतरली.

"रक्त आहे," तो म्हणाला. मग माझ्यावर आपले पंजे ठेवून बघितले, कुणी कसे धरले असेल ते. "दोन्ही हातांचं."

"किती दिवस झाले त्यांचे हात फुटलेत," सून म्हणाली. "मलम मीच आणून दिलं."

"मग मला सांगायचं नाही?"

सुनेने माझ्याकडे बघितले आणि पुन्हा सुईकडे. आई डोळ्यांवरचा चष्मा काढून तो पुसत बसली, कितीतरी वेळ.

इथे एक पान कोरे समजावे.

त्या दिवसांबद्दल मला सांगता येत नाही.

पृष्ठ क्रमांक नाही

पत्ता फुलवालीने आणला. तिची फुले बसने येत. बसस्थानकाच्या पार्सल खिडकीवर तिने धाकट्याला बघितले होते. थोरला मला घेऊन निघाला.

खिडकीपुढे रांग होती. थोरला रांगेत उभा राहिला, मला दोन हातांनी धरून, जसे सगळे आपापली पार्सले धरून उभे होते. त्याच्यामागे एक जण खोका घेऊन होता, खोक्यात कोंबडीची पिल्ले. पाळी आली.

"काय आहे?" धाकट्याने मान वर न करता विचारले. त्याच्या हातांत पांढरे सुती मोजे होते.

"पुस्तक."

आवाज ओळखून त्याने वर बघितले. मग म्हणाला, "कुठं पाठवायचंय?"

"इथंच. तुला."

"त्याला रांगेत कशाला उभं राहायचं?"

"दुसरं काही सुचलं नाही, लेका."

धाकट्याने सवयीने मला वजनकाट्यावर ठेवले, मग स्वतःशीच मान हलवून उचलले. त्याने मला हातात धरले होते आणि आता बोलायला त्याला कुणाची आडकाठी नव्हती. पण इतके दिवस दाबून ठेवलेले लगेच थोडेच वर येते?

"अहो, आटपा जरा," मागचा म्हणाला. "पिल्लं आहेत माझी."

"माझे हात, दादा," धाकटा म्हणाला.

"बघितलं. पानावर."

"तेच सांगायचं होतं." आणि त्याने मला खिडकीच्या गजांतून परत पुढे केले. "घे. तुझी पाळी."

थोरल्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. "तुझं झालं नाही अजून."

"झालं."

"नाही झालं. मी उभा आहे. बोल."

मग धाकटा बोलला. आधी हळू, मग अडखळत, मग थोरल्याला लागेल असे, मग त्याहूनही लागेल असे. थोरल्याचा चेहरा उतरत गेला, पण हात मागेच राहिले. पिल्लेवाल्याने खोका जमिनीवर ठेवला आणि तोही ऐकू लागला. त्याच्यामागचे कुणी कुरकुरले तर हाच वळून म्हणाला, "थांबा हो जरा. घरचं चाललंय."

मित्रांनो, इथे थांबलो तर तुम्ही म्हणाल, शेवट गोड झाला. सगळे तसेच म्हणतात. आई अजून लोकांना सांगते, माझी मुले या पुस्तकाने जोडली. सुटीच्या दिवशी भाऊ एकत्र जेवतात, ते खरे आहे. थोरल्याने हॉटेलचे काम सोडले, डागांच्या टेबलाशी तो आता मोजे घालून बसतो आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचतो, तेही खरे. आणि मी फुलवालीच्या घरी आलो आहे, सासू-सुनांच्या मध्ये, टेबलावर. सगळे मला मानाने हाताळतात. तेच अंगावर येते.

कारण धाकटा लाँड्रीत परतला नाही. भेगा भरल्या, पण उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला आता काही कळत नाही. वहिनीने एकदा त्याच्यासमोर दोन तुकडे धरले, एक सुती, एक रेशमी. त्याने डोळे मिटून ते चोळून बघितले आणि हसून म्हणाला, "वहिनी, एकाच ताग्याचे दिसतात." त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, थोडे आधी यायला हवे होते. थोडे म्हणजे किती, ते त्यांनी सांगितले नाही. मला ठाऊक आहे. तेवढा काळ मी एका एप्रनच्या खिशात होतो.

माझ्यासारखी पुस्तके तुमच्याही घरी असतील. ती वाचा. आम्ही वाईट नसतो, पुष्कळदा उपयोगीही पडतो. पण आम्हाला धरून ठेवणाऱ्याला आम्ही आपोआप बरोबर ठरवतो, आणि हे आमच्या कुठल्याच पानावर लिहिलेले नसते. घरात भांडणाचा आवाज थांबला तर लगेच आमचे गुण गाऊ नका. आधी बघा, कोण बोलायचे थांबले आहे.

माझे लेखक आता नाहीत. नवी आवृत्ती निघेल तीही माझ्यासारखीच स्वच्छ निघेल. पान त्रेचाळीसच्या तळाशी, शेवटच्या वाक्याखाली, बोटभर जागा कोरी आहे. माझी कुठलीही प्रत हाती आली तर पेन्सिल घ्या आणि तिथे एवढे लिहा. मला स्वतःला लिहिता येत नाही:

ज्याच्या हातात वस्तू आहे, त्याने ती द्यावी. मागायचे थांबलेल्याला, सर्वांत आधी.